काटा कुणाचा? बीडमधल्या गूगल जाहिरातींचा लाइव्ह हिशेब

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या दवाखान्यांचे, क्लासेसचे, सराफी दुकानांचे आणि ट्रॅक्टर शोरूमचे गूगलवरचे काम बघणारी माणसे बहुधा एकटीदुकटी असतात. एक लॅपटॉप, बोटांवर मोजता येतील एवढे क्लायंट आणि बाकी सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. महिनाभरात काय केले हे दाखवण्याची त्यांची जुनी रीत म्हणजे जाहिरात खात्याचे स्क्रीनशॉट, फार तर चार पानांची पीडीएफ. त्या जागी आता एक लिंक येऊ लागली आहे. ती उघडली की खर्च, क्लिक, कॉल, भरलेले फॉर्म, कोणत्या शब्दावर कितवा नंबर, हे सगळे तक्त्यांत आणि आलेखांत मांडलेले दिसते. डॉक्टरसाहेबांनी रात्री अकराला उघडली तरी दिसते, सरांनी दोन तासांच्या मध्ये उघडली तरी दिसते. हा लाइव्ह डॅशबोर्ड.

तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचला, कारण तो फुकट झाला. गूगलने २०१६ मध्ये डेटा स्टुडिओ आणले. सुरुवातीला विनामूल्य वापरात मोजकेच अहवाल करता येत. २०१७ मध्ये ती मर्यादा उठली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचे नाव लुकर स्टुडिओ झाले. गूगल ॲड्स, ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल ही गूगलची स्वतःची खाती त्याला पैसे न देता जोडता येतात. फेसबुक-इन्स्टाग्रामचे आकडे त्याच पानावर हवे असतील तर सुपरमेट्रिक्ससारख्या सेवेला दरमहा पैसे मोजावे लागतात. पुण्या-मुंबईच्या एजन्सी पॉवर बीआय किंवा टॅब्लोपर्यंत जातात. बीडच्या बजेटात लुकर स्टुडिओ आणि एक गूगल शीट एवढेच बसते, आणि माझ्या मते तेवढे पुरतेही. कौशल्याचीही वानवा नाही. आष्टी तालुक्यातल्या दादासाहेब भगत यांनी लॉकडाउनमध्ये गावी परतून डिझाइन टेम्प्लेटचा व्यवसाय चालवला आणि पुढे ‘शार्क टँक इंडिया’त त्याला गुंतवणूक मिळवली, तेव्हा गावात बसून बाहेरचे काम करता येते हे सिद्ध करण्यासारखे काही उरलेले नाही. साधन कोणते, हा या विषयातला सगळ्यात हलका प्रश्न आहे. चर्चा मात्र बहुतेक वेळा त्यातच अडकते.

अवघड प्रश्न विश्वासाचा आहे, आणि तो ऊसपट्ट्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऊस शेतकऱ्याचा, काटा कारखान्याचा. वजनाची पावती छापील येते, आकडा दशांशापर्यंत असतो, तरीही काटामारीचा संशय जात नाही. म्हणून तर बाहेरच्या काट्यावर तोलून आणलेला ऊस मान्य करा, ही मागणी दर हंगामात होते. डॅशबोर्डचेही तसेच आहे. जाहिरात एजन्सीची, मोजमाप एजन्सीचे, आणि ते मोजमाप दाखवणारे पानही एजन्सीनेच सजवलेले. आकडा दर तासाला बदलतो एवढ्याने तो खरा ठरत नाही. क्लायंटने आधी विचारायचे ते हे: जाहिरात खाते कुणाच्या नावावर आहे? ॲनालिटिक्सचा मालक कोण? ‘कन्व्हर्जन’ म्हणून काय मोजायचे हे कुणी ठरवले?

तिसऱ्या प्रश्नात सगळ्यात जास्त काटामारी होते, आणि ती बरेचदा नकळत होते. वेबसाइटवर फोनच्या चिन्हावर बोट लागले की एक कन्व्हर्जन. व्हॉट्सॲपच्या बटणावर बोट लागले की आणखी एक. ‘संपर्क’ हे पान नुसते उघडले तरी एक, अशी मांडणीही सापडते. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये दिसणारे ‘कॉल’ म्हणजेसुद्धा कॉलच्या बटणावरचे टॅप. फोन उचलला गेला का, बोलणे झाले का, हे त्यात नसते. व्हॉट्सॲपचे बटण दाबल्यावर माणसाने निरोप पाठवला की तसाच मागे फिरला, हे वेबसाइटला कळत नाही. तेव्हा डॅशबोर्डवर ‘लीड ६४’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि काउंटरवरच्या ताई सांगतात, गूगलवरून म्हणाल तर दहा-बारा जण आले असतील. दोघेही खोटे बोलत नसतात. एक बटणे मोजतो, दुसरा माणसे. चांगल्या डॅशबोर्डवर या दोन गोष्टींना एकच नाव कधी देत नाहीत.

आता ताजेपणाकडे. गूगल ॲनालिटिक्सचा रिअलटाइम अहवाल शेवटच्या ३० मिनिटांतले लोक दाखवतो, पण पक्के आकडे तयार व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात. सर्च कन्सोलचे पक्के आकडे दोन-तीन दिवस मागे असतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्यात शेवटच्या २४ तासांचे तासवार दृश्य आले, तेही कच्चे. त्यावर लुकर स्टुडिओ स्वतःची साठवण ठेवते. ॲनालिटिक्स आणि ॲड्सचा डेटा आपणहून काही बदलले नाही तर १२ तासांनी ताजा होतो, गूगल शीटचा १५ मिनिटांनी. म्हणजे गंमत अशी की सगळ्या यांत्रिक झगमगाटात खरोखर ताजा भाग असतो तो हाताने भरलेल्या शीटचा.

शिवाय ताजा आकडा दरवेळी कामाचाच असतो असे नाही. गूगल ॲड्समध्ये कन्व्हर्जनची नोंद, ते घडले त्या तारखेला नव्हे, ज्या क्लिकमधून घडले त्या क्लिकच्या तारखेला होते. पालकाने सोमवारी जाहिरात पाहिली, घरी विचार केला, शुक्रवारी फॉर्म भरला, तर तो फॉर्म सोमवारच्या खात्यात जातो. त्यामुळे शेवटचे तीन-चार दिवस नेहमी लंगडे दिसतात. ॲनालिटिक्स तीच गोष्ट शुक्रवारी दाखवते. दोन्ही आकडे एकाच पानावर शेजारी ठेवले की भांडण ठरलेले. आणि मग रात्रीचा फोन: “काल काहीच आलं नाही का?” “थांबा सर, कालचं भरेल अजून.” हे उत्तर बरोबर आहे, पण दर आठवड्याला द्यावे लागले की ते सबबीसारखे वाटू लागते.

खर्चाचेही तसेच. दिवसाचे बजेट ५०० रुपये ठेवले तरी गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे १,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते. महिन्याची मर्यादा दैनिक बजेटाच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपये, एवढीच राहते. महिनाअखेरीच्या पीडीएफमध्ये हे कुणाला दिसतही नव्हते. लाइव्ह पानावर ते लाल रंगात दिसते आणि मालकाच्या काळजात धस्स होते. त्यात जीएसटीची भर. आगाऊ १०,००० रुपये भरले तर १८ टक्के कर धरून जाहिरातीला उरतात साधारण ८,४७५. डॅशबोर्डवरचा खर्च कर वगळून असतो. बँकेतून गेलेली रक्कम आणि पानावरची रक्कम जुळत नाही, म्हणजे मधल्या माणसाने खाल्ले, असा हिशेब व्हायला वेळ लागत नाही. करासहित रकमेचा एक रकाना जोडायला पाच मिनिटे लागतात. तो जोडलेला क्वचितच दिसतो.

मला विचाराल तर छोट्या क्लायंटला फक्त खर्च आणि उरलेली शिल्लक एवढेच लाइव्ह दाखवावे. बाकी सगळे तीन दिवस मागे थांबवावे, आठवड्याच्या बेरजेने. दिवसाला चार चौकश्या येणाऱ्या क्लासच्या आलेखात रोजची उडी काहीच सांगत नाही. दोनाच्या तीन झाल्या की ‘५० टक्के वाढ’ आणि तीनाच्या दोन झाल्या की ‘३३ टक्के घट’. टक्केवारीचा हा खेळ मोठ्या शहराच्या आकड्यांसाठी बनलेला आहे. इथे सरळ संख्या लिहाव्यात.

बीड जिल्ह्यासाठी डॅशबोर्ड करताना सगळ्यात जास्त फसवणारा रकाना शहराचा असतो. जाहिरात बीडपुरती, पण तक्त्यात वर पुणे, मग मुंबई, मग छत्रपती संभाजीनगर, आणि बीड कुठेतरी खाली. मालक चिडतो, आणि त्याचे चिडणे समजण्यासारखे आहे. पण या ‘पुण्या’त तीन निरनिराळी माणसे दडलेली असतात. पहिला माणूस प्रत्यक्षात गेवराईतच आहे; त्याचे मोबाइल इंटरनेट कंपनीच्या मोठ्या शहरातल्या यंत्रणेतून फिरून येते, आणि आयपी पत्त्यावरून ठिकाण ओळखणारे ॲनालिटिक्स त्याला पुणेकर समजते. दुसरा खरोखर पुण्यात आहे, पिंपरी-चिंचवडला किंवा चाकणला कामाला, आणि केजजवळच्या गावात राहणाऱ्या आईच्या गुडघ्यासाठी बीडमधला दवाखाना शोधतो आहे. तिसऱ्याचा बीडशी काही संबंध नाही; त्याचा क्लिक वाया गेला.

गूगल ॲड्समध्ये ठिकाण निवडताना जी सेटिंग आपोआप लागू असते, तिच्यात त्या ठिकाणी असलेले आणि त्या ठिकाणात रस दाखवणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक येतात. बहुतेक सल्लागार सांगतात, दुसरा प्रकार बंद करा, पैसे वाचतील. दुकानाला ते लागू पडेल. पण ज्या जिल्ह्यातली तरुण पिढी नोकरीसाठी बाहेर आहे आणि लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकाकडे निघतात ते उन्हाळ्यात परततात, तिथे दवाखान्याचा निर्णय घेणारा माणूस आणि रुग्ण दोनशे किलोमीटर अंतरावर असणे रोजचे आहे. पुण्याहून आलेला कॉल हा बीडमधल्या ओपीडीतला केस पेपर होऊ शकतो. म्हणून शहरांचा तक्ता नुसता टांगून ठेवण्याऐवजी काउंटरवर एक प्रश्न विचारलेला बरा: फोन कुणी केला होता आणि पेशंट कुठून आला?

नावांचा गोंधळ याहून जुना. इंग्रजीत बीडची दोन स्पेलिंगे सरकारी कागदांतच आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर, तरी लोक शोधताना जुनी आणि नवी दोन्ही नावे टाकतात. दोन तक्ते शहराच्या नावावरून जोडायचे म्हटले की जुने नाव एकीकडे आणि नवे दुसरीकडे, असे होऊन ओळी गळतात. हे शीटमध्ये एकदा बसून दुरुस्त करावे लागते. त्याला दुसरा उपाय नाही.

शोधशब्दांमध्येही एकच माणूस तीन वेषांत येतो. हाडाचा डॉक्टर हवा असेल तर कुणी देवनागरीत ‘हाडाचे डॉक्टर बीड’ लिहितो, कुणी तेच मराठी रोमन अक्षरांत लिहितो, कुणी सरळ इंग्रजीत ‘ऑर्थोपेडिक’ टाकतो, तेही चार प्रकारच्या स्पेलिंगने. बोलून शोधणाऱ्याचे वाक्य आणखी लांबलचक. सर्च कन्सोल या सगळ्यांना वेगवेगळ्या ओळी देते. डॅशबोर्डवर ‘टॉप टेन कीवर्ड’ असा तक्ता लावला की देवनागरीतली मागणी पंचवीस ओळींत विखरून खाली जाते आणि इंग्रजी एक ओळ वर चमकते. निष्कर्ष निघतो, लोक इंग्रजीतच शोधतात, मराठी पान कशाला करायचे? लुकर स्टुडिओत सूत्र लिहून या ओळी एका मुठीत आणता येतात: हाडे, दात, प्रसूती, लहान मुले. शब्दांऐवजी गरज मोजायची. हे काम कंटाळवाणे आहे, स्थानिक माणसालाच जमणारे आहे, आणि बीडच्या एजन्सीकडे पुण्याच्या एजन्सीपेक्षा काही जास्त असेल तर ते हेच.

तरीही सगळे शब्द कधी दिसत नाहीत. फार कमी लोकांनी वापरलेले शोधशब्द सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी लपवते. गूगल ॲड्सनेही सप्टेंबर २०२० पासून शोधशब्दांच्या अहवालातून बरेच तुरळक शब्द काढून टाकले. पुण्यासारख्या शहराला याचा फटका कमी बसतो. वडवणी किंवा शिरूर कासारसाठी जाहिरात चालवली की तुरळक नसलेले शब्द उरतातच किती? शब्दांच्या ओळींची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी येते ती याचमुळे. ही तळटीप पानावरच छापून ठेवावी, नाहीतर प्रत्येक नवा डोळस क्लायंट ती चोरी म्हणून पकडतो.

परळीचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. वैजनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी लॉज चालवणाऱ्याने ‘वैद्यनाथ’ या शब्दावर आपले पान वर आणले, तर इम्प्रेशनचा, म्हणजे शोधात पान किती वेळा दिसले त्याचा, आकडा डोळे दिपवील. पण त्या शब्दाने शोधणाऱ्यांत झारखंडमधल्या देवघरला निघालेले भाविक आहेत, हिमाचलमधल्या बैजनाथचे आहेत, आणि आयुर्वेदिक औषधे विकत घेणारेही आहेत. बारा ज्योतिर्लिंगांतले खरे वैद्यनाथ कोणते हा वाद भक्तांनी घालावा; लॉजमालकाला तो इम्प्रेशनच्या रकान्यात भोवतो. श्रावणात आकडा फुगतो, कारण देवघरची कावड यात्राही श्रावणातच असते. खोल्या मात्र तेवढ्या भरत नाहीत.

यावरून तुलनेचा प्रश्न निघतो. लुकर स्टुडिओत ‘मागील वर्षाशी तुलना’ ही एक खूण असते, ती लावली की हिरवे-लाल बाण उगवतात. हे बाण इंग्रजी कॅलेंडरवर चालतात. आपला बाजार पंचांगावर आणि निकालांवर चालतो. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. सराफाच्या डॅशबोर्डवर ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर २०२५ चा ऑक्टोबर पराक्रमी आणि नोव्हेंबर पडका दिसणार, आणि दोन्हींत एजन्सीचा हात नाही. दहावीचा निकाल २०२४ मध्ये २७ मे रोजी लागला, २०२५ मध्ये १३ मे रोजी. अकरावी-नीटच्या क्लासेसची सगळी धावपळ निकालानंतरच्या दिवसांत होते, तेव्हा २५ मेपर्यंतची तुलना केली तर एक वर्ष निकालाआधीचे आणि दुसरे निकालानंतरचे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात लग्ने नाहीत, म्हणजे मंगळसूत्राचे शोध कमी. पण धोंड्याचा महिना म्हणून जावयाला द्यायच्या चांदीच्या ताटा-निरांजनांचे शोध जास्त. यंत्राला यातले काही ठाऊक नसते. म्हणून तारखेच्या बाजूला सण आणि निकाल लिहिलेला एक साधा तक्ता शीटमध्ये ठेवावा आणि तुलना ‘दिवाळीआधीचे २१ दिवस’ किंवा ‘निकालानंतरचे १५ दिवस’ अशी मांडावी. इतके केले तरी डॅशबोर्ड बीडचा वाटू लागतो.

काही खड्डे आलेखात कायमचे राहतात आणि त्यांचे कारण लिहिले नाही तर वर्षभराने कुणालाच आठवत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षण आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्या दिवसांचा खड्डा कोणत्याही कॅम्पेनचा नाही. १ जुलै २०२३ रोजी जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने नवा डेटा घेणे थांबवले आणि त्या जागी आलेल्या जीए-४ ची मोजण्याची रीतच वेगळी, त्यामुळे त्याच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एका रेषेत जोडणे चूक. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. त्या सोयीवर चालणारी क्रमांक तपासणारी यंत्रे थांबली आणि अनेक वेबसाइटचे इम्प्रेशन एकदम घसरले, सरासरी क्रमांक मात्र सुधारलेला दिसला. ज्या एजन्सीने इम्प्रेशनच्या वाढीवर वर्षभर पाठ थोपटून घेतली होती, तिला हे समजावणे जड गेले असणार. आलेखावर टीप लिहिण्याची सोय जीए-४ मध्ये २०२५ मध्ये आली आहे. ती नसती तरी शीटमध्ये ‘काय घडले’ असा रकाना ठेवायला कुणाची ना नव्हती.

आता पुन्हा काउंटरकडे, कारण या साऱ्या व्यवहाराचा शेवट तिथेच होतो. बीडमध्ये क्वचितच कुणी वेबसाइटवर पैसे भरून प्रवेश घेतो किंवा दागिना मागवतो. शोध मोबाइलवर, चौकशी फोनवर, खात्री पाहुण्यारावळ्यांकडून, आणि व्यवहार समोरासमोर. बालाघाटातल्या सीताफळांना २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने शोधणारा व्यापारीसुद्धा शेवटी फोन करून भाव ठरवतो आणि गाडी पाठवतो. म्हणजे गूगलला साखळीचा पहिला अर्धा भाग दिसतो, काउंटरला दुसरा. दोन्ही जोडल्याशिवाय डॅशबोर्ड म्हणजे अर्धीच पावती.

जोडायचे उपाय साधे आहेत. जाहिरातीसाठी आणि वेबसाइटसाठी वेगळे सिमकार्ड घेतले की त्या नंबरवर आलेला कॉल कुठून आला हे वेगळे विचारावे लागत नाही. व्हॉट्सॲपच्या बटणामागे आधीच लिहिलेला निरोप ठेवता येतो: ‘नमस्कार, वेबसाइट पाहिली, फीबद्दल माहिती हवी.’ तो निरोप आला की काउंटरला मूळ कळते. फॉर्म भरताना क्लिकचा ओळखक्रमांक साठवून ठेवला तर ॲडमिशन पक्के झाल्यावर ते ९० दिवसांच्या आत गूगल ॲड्सला परत कळवता येते, आणि मग गूगलची यंत्रणाही फुकट्या चौकश्यांऐवजी फी भरणाऱ्यांच्या मागे लागते. पण या सगळ्याआधी लागते ती चार रकान्यांची शीट: तारीख, कुठून कळले, काय विचारले, पुढे काय झाले. ती एजन्सीने नव्हे, क्लायंटच्या माणसाने भरायची. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. एजन्सीच्या आकड्यांसमोर क्लायंटचा स्वतःचा आकडा त्याच पानावर उभा राहिला, तरच दोन काट्यांवर वजन झाले असे म्हणता येईल.

शीट कोण भरणार, हा मात्र खरा अडथळा आहे. दवाखान्यात सकाळी दहाला रांग लागलेली असते, ताई केस पेपर काढतील, फोन घेतील की ‘तुम्हाला आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारत बसतील? शिवाय विचारले तर निम्मे लोक म्हणतात, ‘गावातल्या एकानं सांगितलं’, आणि ते खरेही असते. सांगितल्यावर गूगलवर पत्ता बघितला एवढेच. दिवसभर शक्य नसेल तर आठवड्यातले दोन दिवस नीट विचारावे. पूर्ण पण ढिसाळ नोंदीपेक्षा अपुरी पण नेमकी नोंद उपयोगी पडते. आणि हे काम करणाऱ्या ताईंचे नाव महिन्याच्या बैठकीत घ्यावे. शीट दुसऱ्याच महिन्यात ओस पडते, कारण भरणाऱ्याला तिचे पुढे काय होते हे कुणी सांगितलेले नसते.

त्या शीटमध्ये काय लिहायचे नाही, हेही ठरवावे लागते. लुकर स्टुडिओचे पान ‘लिंक असलेल्या कुणालाही दिसेल’ असे खुले ठेवण्याची सवय सर्रास आहे. त्यात रुग्णाचे नाव, मोबाइल आणि आजार असेल तर ती लिंक एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा बाजूला ठेवला तरी बीडसारख्या गावात ‘वंध्यत्वाची चौकशी, अमुक आडनाव’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. डॅशबोर्डला बेरीज पुरते, नावे लागत नाहीत.

डॉक्टरांसाठी आणखी एक बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार जाहिरात करून रुग्ण ओढणे अनैतिक मानले जाते. दवाखाना सुरू झाला, जागा बदलली अशा सूचना देता येतात. बाजारात प्रत्यक्ष काय चालते हे सगळ्यांना दिसते. पण ‘या महिन्यात आम्ही इतके पेशंट आणून दिले’ असे ठळक लिहिलेले पान कायमचे खुल्या लिंकवर ठेवणे हा त्या डॉक्टरविरुद्ध स्वतःच तयार केलेला पुरावा ठरू शकतो.

सोनोग्राफी केंद्रांबाबत तर बीडने जास्तच सावध असायला हवे. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींना कायद्याने बंदी आहे, आणि सर्च इंजिनवर त्या दिसू नयेत म्हणून साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांविरुद्ध ती डिसेंबर २०१७ पर्यंत चालली. न्यायालयाने कंपन्यांना असे शोध आणि जाहिराती रोखण्याची व्यवस्था करायला लावली. तरी रोमन मराठीत, आडवळणाने लिहिलेले शब्द गाळणीतून सुटू शकतात. ज्याच्या हातात शोधशब्दांचा तक्ता आहे त्याला ते दिसतात. ते वगळण्याच्या यादीत टाकणे आणि त्यांतून आलेले क्लिक यशाच्या बेरजेत न धरणे ही एजन्सीची जबाबदारी आहे. क्लिक वाढले म्हणून बाण हिरवा करणाऱ्या पानाला असला भेद कळत नाही.

गेल्या दोन वर्षांत डॅशबोर्डच्या मुळाशीच एक बदल झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात शोधाच्या वर एआयने लिहिलेली उत्तरे हिंदी आणि इंग्रजीत दाखवायला सुरुवात केली. माणसाला तिथेच उत्तर मिळाले तर तो वेबसाइटवर येत नाही. सर्च कन्सोल त्या उत्तरांतून मिळालेली इम्प्रेशन आणि क्लिक वेगळी काढून देत नाही. ती एकूण बेरजेतच मिसळलेली असतात. त्यामुळे इम्प्रेशन टिकून आणि क्लिक घसरत, असा आलेख यापुढे अनेकांना दिसेल. माहितीच्या लेखांवर चालणाऱ्या वेबसाइटला हा मोठा घाव आहे. अंबाजोगाईतल्या दातांच्या दवाखान्याला तितका नाही. त्याच्या रुग्णाला पत्ता आणि वेळ हवी असते, आणि दाढ काही एआय काढून देत नाही.

राहता राहिला करार संपण्याचा दिवस, ज्याचा विचार सुरुवातीला कुणी करत नाही. लुकर स्टुडिओचे पान ज्याच्या गूगल खात्याच्या परवानगीने डेटा ओढते, त्याने ती काढून घेतली की सगळे तक्ते एका क्षणात कोरे होतात. एजन्सीतला मुलगा नोकरी सोडून गेला, त्याचा ईमेल बंद झाला, तरी तेच. म्हणून जाहिरात खाते, ॲनालिटिक्स, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल ही चारही क्लायंटच्या स्वतःच्या ईमेलवर उघडावीत आणि एजन्सीला आत येण्याची परवानगी द्यावी. गूगल ॲड्समध्ये एजन्सीचे मॅनेजर खाते याचसाठी असते, जोडता येते आणि तोडताही येते. सर्च कन्सोल मागचे १६ महिनेच ठेवते. जीए-४ मध्ये सविस्तर डेटा नव्या खात्यात आपोआप २ महिनेच राहतो, सेटिंगमध्ये जाऊन तो १४ करावा लागतो, आणि ते न केलेली खाती भरपूर सापडतात. गूगलच्या बिगक्वेरी या डेटाबेसमध्ये साठवण करता येते, पण त्यासाठी जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याच्या दहा-बारा बेरजा क्लायंटच्या शीटमध्ये आकडा म्हणून उतरवून ठेवाव्यात, सूत्र म्हणून नव्हे. म्हणजे उद्या एजन्सी बदलली तरी नव्या माणसाला गेल्या दिवाळीत काय झाले होते हे विचारायला जुन्या माणसाला फोन करावा लागत नाही.